डिसेंबरात सासूसासरे जपानला येताहेत: बर्फ, शाकाहार आणि थंड घर

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही एप्रिलपासून तोक्योत, एदोगावा वॉर्डात राहतो. मोठी चौथीत आहे, जवळच्याच सरकारी जपानी शाळेत. धाकटा पाच वर्षांचा, होइकुएनमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात जातो. आता कऱ्हाडहून सासूसासरे यायचं म्हणताहेत. २६ डिसेंबरला पोचायचं आणि जानेवारीअखेर परत, असा साधारण बेत. नवऱ्याला २८ ते ४ सुट्टी आहे, त्यामुळे सगळं फिरणं त्याच आठवड्यात बसवायचा त्याचा विचार चाललाय: क्योतो, शिराकावा-गो, नागानोची गरम पाण्यात बसणारी माकडं आणि कुठेतरी भरपूर बर्फ.

बाबांना आयुष्यात एकदा बर्फात उभं राहायचंय. वय ७१, एक गुडघा कुरकुरतो, बीपीची गोळी चालू. आई माळकरी आहेत, अंडंसुद्धा नाही. मुलांना घसरगाडी हवी आहे. मला फक्त सगळे न भांडता परत घरी यायला हवेत.

आठवड्यात हे जमेल का? दोघांसाठी रेल्वे पास काढावा का? आईंच्या जेवणाचं काय करायचं? अनुभवी लोकांनी सांगा.

लाल डबा

वाचतोय. आमच्याकडे मार्चमध्ये येताहेत, तेव्हा सगळी उत्तरं चोरणार.

मुक्काम नागोया

कृष्णाकाठताई, आधी तारखांचं बोलू, कारण सगळी मेख तिथेच आहे.

२८ डिसेंबर ते ४ जानेवारी हा जपानमध्ये फिरायचा आठवडा नाही, घरी जायचा आठवडा आहे. आपल्याकडे दिवाळीत पुण्या-मुंबईहून सुटणाऱ्या एसट्या आठवा, तोच प्रकार शिनकानसेनचा, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनचा. तोकाइदो (तोक्यो-ओसाका) मार्गावरच्या सगळ्यात वेगवान नोझोमी गाड्या या काळात पूर्ण आरक्षित असतात, विनाआरक्षण डबाच नसतो. हिकारी-कोदामा या जरा हळू गाड्यांना असतो, पण त्यात म्हाताऱ्या माणसांना क्योतोपर्यंत उभं करणार का? आरक्षण बरोबर एक महिना आधी सकाळी दहाला उघडतं, तेव्हा मोबाईल हातात घेऊन बसावं लागतं. हॉटेलवाले याच दिवसांत भाव चढवतात.

एवढं करून पोचलात तरी बरीचशी संग्रहालयं आणि सरकारी कचेऱ्या २९ ते ३ बंद. एक तारखेला तर बरीचशी दुकानंही बंद. काही बँकांची एटीएमसुद्धा सुट्टीवर जातात, तेव्हा रोख आधीच काढून ठेवा.

माझं मत: तो आठवडा तोक्योत घालवा आणि ५-६ जानेवारीनंतर बाहेर पडा. नवऱ्याला सांगा, दोन दिवस रजा टाक. त्याचा बॉस कुरकुरेल, पण शिनकानसेनमध्ये बसायला जागा मिळेल.

अर्धा किलो तूरडाळ

मी वेगळं सांगते, राग मानू नका. म्हाताऱ्या माणसांना ऐन थंडीत बोलवण्यापेक्षा तुम्हीच चौघं कऱ्हाडला जा ना! डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे हवा काय सुरेख असते. मुलांना आजीआजोबा त्यांच्या घरात दिसले पाहिजेत, आपल्या अडीच खोल्यांत नव्हे. हुरडा, संक्रांत, लग्नं. इथे येऊन ते दिवसभर सोफ्यावर बसून टीव्हीवर न कळणारे कार्यक्रम बघतात.

घाटावरचा गणू

तूरडाळताई, चार तिकिटांपेक्षा दोन तिकिटं स्वस्त, हे गणित तुमच्या नजरेतून सुटलंय. :)

अर्धा किलो तूरडाळ

गणूभाऊ, गणित मला येतं. दोन तिकिटं + सहा जणांचे शिनकानसेन + सहा जणांचं हॉटेल. आता बेरीज करा.

उणे बारा

मी साप्पोरोकर. अनेकांना खरं वाटत नाही, पण होक्काइदोतल्या घरांपेक्षा तोक्योतली घरं जास्त थंड असतात. आमच्याकडे खिडकीला दुहेरी-तिहेरी काच, भिंतीत जाड थर आणि सगळं घर गरम ठेवायची पद्धत. तुमच्याकडे पातळ भिंती, बऱ्याच जुन्या इमारतींत एकेरी काच, आणि ज्या खोलीत बसलोय तेवढीच गरम. रात्री काचेवर पाणी साठतं, पडद्याला बुरशी धरते.

हे सांगतोय ते बाबांच्या बीपीमुळे. गरम खोलीतून थंडगार न्हाणीघरात जायचं, कपडे काढायचे आणि एकदम कढत पाण्याच्या टबात उतरायचं, यात रक्तदाब वरखाली होतो. जपानमध्ये दर हिवाळ्यात असंख्य ज्येष्ठ माणसं अशी टबात दगावतात, याला इथे 'हीट शॉक' म्हणतात. त्यामुळे कपडे बदलायच्या जागी छोटा हीटर ठेवा, टबाचं पाणी ४१ अंशांच्या आतच, दहा मिनिटांत बाहेर, आणि जेवण झाल्या झाल्या आंघोळ नको. अंघोळीला जाताना घरात कुणाला तरी सांगून जायचं. आपल्याकडच्या बादली-तांब्याचा हट्ट त्यांनी धरला तर तो चक्क पुरवा.

कृष्णाकाठ

बापरे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या न्हाणीघरात सकाळी तोंडातून वाफ येते, तिकडे हीटर लावायचं डोक्यातच आलं नाही.

मुक्काम नागोया, धन्यवाद. नवऱ्याला तुमची पोस्ट वाचून दाखवली. तो म्हणाला, "त्यांना सांग, माझा बॉस त्यांनी पटवावा."

तूरडाळताई, राग कसला. गेल्या खेपेला आम्हीच गेलो होतो. या वेळी बाबांचीच इच्छा आहे.

दगडी चाळ ते दाइबा

हीटरवरून आठवलं. आमच्या गल्लीत हिवाळ्यात रॉकेलची गाडी गाणं वाजवत येते. माझे वडील आले तेव्हा पहिल्याच दिवशी खिडकीत जाऊन म्हणाले, "अरे, इथे पण रेशनिंग आहे की काय?" १८ लिटरचे लाल-निळे कॅन घेऊन रांगेत उभे असलेले जपानी आजोबा बघून त्यांना फार बरं वाटलं. रॉकेलचा स्टोव्ह एअर कंडिशनरपेक्षा ऊब छान देतो, वर किटलीही ठेवता येते. पण मध्ये मध्ये खिडकी उघडायलाच हवी, आणि भाड्याच्या घरात चालतो का ते करारात आधी बघा. बऱ्याच ठिकाणी मनाई असते.

कोतात्सू घ्या मात्र, म्हणजे खाली हीटर आणि वर गोधडी असलेलं बुटकं टेबल. बाबा एकदा त्यात पाय घालून बसले की बर्फाचं नावही काढणार नाहीत.

मेतकूट

आता जेवण. माळकरी माणसासाठी जपानमध्ये खरी अडचण मांसाची नाही, मांस दिसतं तरी. अडचण 'दाशी'ची आहे. सोबा नूडल्सचं सार, मिसो सूप, शिजवलेली भाजी, इतकंच काय, इनारी सुशीची ती गोडसर पिशवी, सगळ्यात बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. "निकु नाशी" (मांस नको) म्हटलं की वाढणारा प्रामाणिकपणे मांस काढतो आणि सार तेच देतो. त्याची चूक नाही, त्याच्या लेखी तो मासा नव्हेच. दुकानातल्या जेलीत आणि मार्शमॅलोत जिलेटिन असतं, तेही लक्षात ठेवा.

उपाय तीन. पहिला, तुम्ही एदोगावात आहात, म्हणजे निशी-कासाई ही भारतीयांची वस्ती जवळ. डाळी, पिठं, हिंग, सगळं मिळतं. दूरच्या प्रवासात छोटा कुकर आणि मूगडाळ-तांदूळ बरोबर ठेवा आणि हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. दुसरा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट (माझं नाव उगाच नाही). तिसरा खास आईंसाठी: कोयासान. ओसाकातल्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने जायचं, शेवटी केबल कार. कूकाई या बौद्ध भिक्षूने ८१६ साली वसवलेलं डोंगरावरचं मंदिरांचं गाव. मंदिरातच मुक्काम, आणि जेवण 'शोजिन र्‍योरी', म्हणजे मासा-मांस तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. सार समुद्री शेवाळाचं किंवा शिताके अळंब्यांचं. पहाटे मंत्रपठणाला बसता येतं. माझ्या आईने आख्ख्या जपानमध्ये तिथेच एकदा पोटभर आणि निर्धास्त जेवण केलं, आणि भिक्षूंना नमस्कार करून 'रामकृष्णहरी' म्हणाली. त्यांनीही हात जोडले.

उणे बारा

मेतकूट, कोयासान सुंदरच, पण जानेवारीत? आठशे मीटर उंची, बाहेर बर्फ, कागदी दारं आणि सामाईक न्हाणीघराकडे जाणारा लांब लाकडी पॅसेज. वर मी हीट शॉकवर निबंध लिहिलाय, आणि तुम्ही त्यांना नेमकं तिकडेच धाडताय!

मेतकूट

मुद्दा बरोबर. पण खोलीत हीटर आणि कोतात्सू देतात. पुन्हा कधी एप्रिलमध्ये आले तर न्या मग. हिवाळ्यात घरचीच खिचडी.

गोळ्या-बिळ्या

औषधांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून हात वर करतोय. बाबा २६ डिसेंबर ते जानेवारीअखेर म्हणजे महिन्यापेक्षा जास्त राहणार. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं स्वतःपुरती एक महिन्याची असतील तर तशीच आणता येतात. त्याहून जास्त आणायची तर आधी ऑनलाइन 'युन्यू काकुनिन्-शो' नावाचं आयात-खात्रीचं पत्र काढावं लागतं. अवघड नाही, पण निघायच्या आदल्या रात्री सुचून उपयोग नाही. आणि आपल्याकडच्या सर्दी-खोकल्याच्या औषधांत स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन असेल तर ठरावीक प्रमाणापुढे इथे सरळ बंदी आहे. लेबल वाचून घ्या.

अजून एक. कढीपत्ता, ओली मिरची, चिकू, पेरू असलं काही पिशवीत घालू देऊ नका. ताज्या फळा-भाज्यांना रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. विमानतळावर कुत्रा येऊन पिशवीशेजारी शांत बसतो आणि मग आजी म्हणतात, "किती गोड आहे बाई."

लाल डबा

तो कुत्रा माझ्या पत्नीच्या पिशवीशेजारी बसलाय. गोड होता हे खरं.

भाडं किती

रेल्वे पासचं सांगतो. सासूसासरे पर्यटक व्हिसावर येणार असतील तर त्यांना जपान रेल पास मिळेल. तुम्हाला, म्हणजे रहिवाशांना, मिळत नाही. पण काढू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० वर नेला. तोक्यो-क्योतो नोझोमी एका बाजूने चौदा हजारांच्या आसपास. म्हणजे क्योतोला जाऊन-येऊन पास वसूल होत नाही, त्यासाठी हिरोशिमाच्याही पुढे पळावं लागेल. गुडघा सोबत घेऊन पळू नये.

पूर्वी सेइशुन १८ या स्वस्त रेल्वे तिकिटावर घरातले सगळे मिळून दिवस वाटून घेता यायचे. २०२४ च्या हिवाळ्यापासून तेही एकालाच आणि सलग दिवसांचं झालं. सुवर्णकाळ संपला.

निशी-कासाईचा नारू

भाडं किती, अर्धी दुरुस्ती. रहिवाशांना देशभराचा पास मिळत नाही हे खरं, पण जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचा 'तोक्यो वाइड पास' परदेशी पासपोर्ट असलेल्या कुणालाही मिळतो, इथे राहणाऱ्यालाही. तीन सलग दिवस, मोठ्यांना १५ हजार येनच्या आसपास, मुलांना निम्मा. ताजा भाव बघून घ्या. यात निक्को येतं, कारुइझावा येतं आणि मुख्य म्हणजे गाला युझावा येतं.

कृष्णाकाठताई, तुमच्या बाबांचं उत्तर गाला युझावा आहे. स्टेशन हेच स्की रिसॉर्टचं दार. तोक्योहून जोएत्सू शिनकानसेनने सुमारे सव्वा तास. गाडीतून उतरलं की त्याच इमारतीत बूट-कपडे भाड्याने घ्यायचे आणि गोंडोल्यातून वर. स्की न करणाऱ्यांना फक्त फिरायला म्हणूनही गोंडोल्याचं तिकीट मिळतं. घसरगाडीला वेगळी जागा आहे. हातमोजे-टोपी मात्र घरून न्या, ते सहसा भाड्याने नसतं.

वाटेतली गंमत बाबांना आधी सांगू नका. ताकासाकीपर्यंत लख्ख ऊन, कोरडी शेतं. मग २२ किलोमीटरचा बोगदा लागतो आणि पलीकडे निघालो की घरांच्या छपरांवर पुरुषभर बर्फ. सैबेरियाचा गार वारा जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतो, ते सगळं डोंगरांना अडून निईगाताच्या बाजूला पडतं आणि अलीकडच्या बाजूला तोक्योत नुसता कोरडा वारा उरतो. सह्याद्रीचं घाटमाथा-आणि-माणदेश प्रकरण आहे ते. कऱ्हाडच्या माणसाला सांगायची गरज नाही.

मुक्काम नागोया

नारूंना जोरदार अनुमोदन. शिराकावा-गो मी तरी या खेपेला वगळेन. जागतिक वारसा वगैरे आहेच, पण ताकायामाहून किंवा कानाझावाहून बस, तिचं आधी आरक्षण, गावात घट्ट झालेल्या बर्फावरून चालणं. ते रात्रीचे दिवे लावलेले फोटो दिसतात ना, ते हिवाळ्यातल्या मोजक्या संध्याकाळचे असतात आणि आधी नाव नोंदवल्याशिवाय प्रवेश नाही. माकडांकडे जायलाही जंगलातून दीडएक किलोमीटर निसरडी वाट आहे. गुडघा आधी, माकडं नंतर.

घाटावरचा गणू

माकडंच बघायची तर महाबळेश्वरला येता-जाता दिसतात. गरम पाण्यात नसतात एवढंच.

शनिवार सकाळ

विषयांतर करते, पण कृष्णाकाठताईंची मुलगी जपानी शाळेत आहे म्हणून विचारते. आमचा मुलगा दुसरीत. कडाक्याच्या थंडीत वर्गातली अर्धी मुलं हाफ पँटमध्ये! हा पण आता ऐकत नाही. सासूबाई व्हिडिओ कॉलवर रोज रडकुंडीला येतात. शिवाय डिसेंबरात साडेचारला अंधार. आमच्याकडे साडेचारलाच भोंग्यावर 'मुलांनो घरी जा' वाजतं.

दगडी चाळ ते दाइबा

हाफ पँट ही आपोआपच बरी होते, सहावीत. :)

फ्लू मात्र गंभीरपणे घ्या. ताप आल्यापासून पाच दिवस आणि उतरल्यावर दोन दिवस शाळा बंद, होइकुएनच्या मुलांना तीन. आजीआजोबा येणार असतील तर त्यांना निघायच्या आधी तिकडेच लस घ्यायला सांगा. जानेवारीत वर्गच्या वर्ग बंद पडतात.

अर्धा किलो तूरडाळ

आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा की पाहुणे येताहेत. सासूबाई पहाटे पाचला उठून कुकर लावणार, जपानी शेजारी शिट्टीला घाबरतो. आमच्या खालच्या आजींनी पहिल्यांदा गॅस गळतोय समजून दार वाजवलं होतं. मग मी त्यांना कुकर उघडून दाखवला, वरणभात दिला. आता त्या मला डब्यातून दाइकोनचं (मुळ्याचं) लोणचं देतात.

वर्षअखेरीला कचऱ्याची गाडीही येत नाही, साधारण ३१ ते ३. वॉर्डाचं वेळापत्रक बघा, नाहीतर सहा माणसांचा कचरा बाल्कनीत साठवून बसाल.

निशी-कासाईचा नारू

तूरडाळताई, म्हणूनच लोक निशी-कासाईत राहतात. इथे शिट्टी झाली तर शेजारचा विचारतो, "राजमा का?" आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले ते काय उगाच.

शनिवार सकाळ

पण नारू, सगळं तिथेच मिळायला लागलं तर जपानमध्ये राहून काय उपयोग? ओळखीतली काही मंडळी कितीतरी वर्षं राहूनही डॉक्टरकडे जाताना नवऱ्याला बरोबर नेतात.

निशी-कासाईचा नारू

यावर वेगळा धागा काढा, इथे मारामारी नको. (पण मुद्दा थोडा लागला.)

मेतकूट

मूळ मुद्द्याकडे. २८ ते ४ तोक्योत काय करायचं तेही सांगते. हे शहर वर्षातून एकदाच रिकामं होतं, आणि हवा इतकी स्वच्छ असते की फुजी लांबून दिसतो. शिंजुकूच्या महानगर कचेरीच्या मनोऱ्यावर २०२ मीटरवर फुकट जाता येतं, पण वर्षअखेरीला बंद असतो, तेव्हा २८ च्या आधी किंवा ४ नंतर. ३१ ला रात्री जवळच्या एखाद्या लहान देवळात जा. घंटेचे १०८ ठोके देतात, काही ठिकाणी आपल्यालाही टोला मारू देतात. १०८ म्हटल्यावर आईंना वेगळं काही सांगावं लागणार नाही. मेइजी जिंगू या मोठ्या देवस्थानाला मात्र जाऊ नका, तीन दिवसांत तीसेक लाख माणसं येतात. पंढरपूर पाहिलेल्या बाईला तशी गर्दीची भीती नसेल म्हणा.

२ आणि ३ तारखेला हाकोनेची रिले शर्यत. तोक्योतून धावणारी पोरं रस्त्याच्या कडेला उभं राहून फुकट बघता येतात. बाबांना आवडेल.

आणि १४ जानेवारीला ते इथेच असतील! तीळ तर इथे पोत्याने मिळतात, काळे-पांढरे, भाजलेले. गुळाऐवजी ओकिनावाचा कोकुतो घ्या, उसाचाच आहे. पाक जरा लवकर पुढे जातो, वडी पडली नाही तर लाडू वळा. मुलांना पतंगही मिळतील, इथे नव्या वर्षातच उडवतात.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना सगळ्या पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवल्या आणि कऱ्हाडलाही फोन झाला.

ठरलं ते असं. क्योतो, शिराकावा-गो, माकडं रद्द. तारखा थोड्या मागे ओढून मुक्काम महिन्याच्या आत बसवला, म्हणजे औषधांचं पत्रही नको. कोतात्सू एका परत जाणाऱ्या कुटुंबाकडून जुना मिळतोय. न्हाणीघराच्या हीटरची ऑर्डर गेली. आई म्हणाल्या, "मला काही बघायचं नाही, नातवंडं बघायचीत," आणि मागून बाबांचा आवाज, "बर्फाचं विचार."

तर गाला युझावा पक्कं. नवऱ्याला जानेवारीचा दुसरा सोमवार सुट्टी आहे, त्या शनिवार-रविवार-सोमवारात तीन दिवसांचा पास बसतो.

भाडं किती

थांबा थांबा! तो सोमवार सज्ञान झालेल्या मुलांचा सण, सगळ्या देशाला जोडून सुट्टी. आख्खं तोक्यो त्या तीन दिवसांत गोंडोल्याच्या रांगेत असतं. मंगळवार-बुधवार-गुरुवार जा.

कृष्णाकाठ

पण मुलीची शाळा ८ तारखेलाच सुरू होतेय. फिरायला म्हणून शाळा बुडवलेली बाईंना चालेल का?

शनिवार सकाळ

कारणाच्या रकान्यात 'घरगुती कारण' लिहा. पुढे कुणी विचारत नाही.

घाटावरचा गणू

आजोबांचा बर्फ हे घरगुतीच कारण आहे. फोटो टाका नंतर.